काटकसरीची शिल्लक कोणाच्या नावे?

जळगाव शहराला जवळजवळ लागूनच असलेल्या असोदा या गावाचे नाव महाराष्ट्राला मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे. एक म्हणजे २४ ऑगस्ट १८८० रोजी तेथील महाजनांच्या घरी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी, आणि दुसरे म्हणजे भरिताची वांगी. घरगुती काटकसरीविषयी लिहावयास बसलेल्या माणसाला ही दोन्ही कारणे एकाच वेळी आठवावीत, यात विशेष काही नाही. कारण जिला अक्षरओळखही नव्हती अशा एका शेतकरी स्त्रीने तुटपुंज्या साधनांत प्रपंच कसा उभा केला याची साक्ष पहिल्यात आहे, आणि शेतात निपजलेली एकही वस्तू वाया न घालवता तिचे सुग्रास अन्न कसे करावे याची साक्ष दुसऱ्यात आहे.

तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आलेल्या बहिणाबाईंना तिशीच्या सुमारास वैधव्य आले, पदरी तीन लेकरे होती, आणि प्लेग, दुष्काळ व भाऊबंदकीची धग या सर्वांतून त्यांनी संसाराचा गाडा ओढला. जात्यावर दळताना, चुलीपुढे बसताना, शेतात खुरपताना त्यांच्या मुखातून जे आले ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव व पीतांबर चौधरी यांनी टिपून ठेवले म्हणून वाचले, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ म्हणून प्रसिद्ध झाले. या काव्यातील तत्त्वज्ञानाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली, आणि ती योग्यच होती. परंतु चूल, तवा, जाते, मोट, पेरणी, कापणी या ज्या वस्तूंवर आणि कामांवर ते तत्त्वज्ञान उभे आहे, त्या साऱ्या एका घराच्या जमाखर्चाच्याही बाबी होत्या, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. दाण्यादाण्याचा हिशेब ठेवणारी बाई आणि दाण्यातून कोंब फुटताना पाहून हरखणारी बाई या दोन निराळ्या बायका नव्हत्या.

हे सांगण्याचे प्रयोजन असे की, घरखर्चात बचत करण्याच्या गोष्टीला आपण फार हलके लेखतो. अंदाजपत्रक, तूट, व्याजाचे दर हे पहिल्या पानाचे विषय, आणि डाळ कशी टिकवावी, गॅस कसा पुरवावा हे फावल्या वेळातल्या वाचनाचे, अशी एक वहिवाट पडून गेली आहे. दात कोरून पोट भरत नाही, असे म्हणून घरातील कर्ता पुरुषही हा विषय बाजूला सारतो. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. वर्षभराच्या अन्नाची बेगमी, इंधनाची तरतूद, वस्त्रांचा पुनर्वापर, आजारपण व लग्नकार्य यांसाठी गाठीला पैसा ठेवणे, हा सगळा एक कारभार आहे. त्याला ज्ञान लागते, पूर्वनियोजन लागते, आणि श्रम तर फारच लागतात. या कारभारातून जे वाचते ती मिळकत होय, आणि ती मिळकत जिच्या बुद्धीने व श्रमाने निर्माण झाली तिच्या नावे ती जमा झाली पाहिजे.

प्रथम भरीतच पाहा. असोदा, भादली, बामणोद या पट्ट्यातील हिरवट पांढऱ्या, बी कमी व गर अधिक असलेल्या वांग्याला आज मोठा मान आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हे वांगे भाजले जाते ते कशावर? कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या काड्यांवर. ज्या काडीला बाजारात किंमत नाही, तिच्याच जाळावर ते वांगे बाहेरून करपून आतून लोण्यासारखे मऊ होते, आणि तिचाच तो धुरकट वास भरिताला चव आणतो. साल काढून ते लाकडी भांड्यात ठेचायचे, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि हिवाळ्यात मुबलक असलेली कांद्याची पात घालायची, आणि ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीबरोबर खायचे. मागे राहिलेली राख भांडी घासायला उपयोगी पडते, आणि तीच राख चाळून पुढील हंगामाच्या बियाण्यात मिसळली की त्या बियाण्याला कीड सहसा लागत नाही. म्हणजे कपाशीने सूत दिले, सरकी दिली, जळण दिले आणि शेवटी राखेच्या रूपाने दुसऱ्या पिकाच्या बियाण्याचे रक्षणही केले. याच खानदेशात, अमळनेरला, १९४५ साली निघालेल्या आणि पुढे विप्रो या नावाने जगात गेलेल्या वनस्पती तेलाच्या कारखान्याने तेलाच्या उत्पादनात मागे उरणाऱ्या अंशापासून कपडे धुण्याचा साबण काढला. त्या कारखान्याच्या दूरदृष्टीचे आपण कौतुक करतो. तेवढेच कौतुक, किंबहुना थोडे अधिकच, त्या पऱ्हाट्यांच्या राखेचे नियोजन करणाऱ्या बाईचे व्हावयास हवे, कारण तिच्यामागे भांडवल नव्हते.

धान्याच्या साठवणीतही हेच शास्त्र आहे. नवा गहू फाल्गुन-चैत्रात बाजारात येतो, तूर त्याच्या थोडी आधी येते, आणि आवक भरपूर असताना जो भाव असतो तो श्रावण-भाद्रपदात क्वचितच राहतो. म्हणून ज्याला एकरकमी पैसा उभा करता येतो त्याने वर्षाचे धान्य हंगामातच भरावे, हा जुना शिरस्ता आजही किफायतीचा आहे. मात्र भरलेले धान्य टिकले पाहिजे. ते कडक उन्हात वाळवायचे, आणि वाळले की नाही हे पाहायला दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन फुटला तर वाळला, दबला तर अजून एक ऊन द्यायचे. गव्हाला किंवा डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, कोठीच्या तळाशी आणि मधल्या थरांत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालायचा. एरंडेलाच्या त्या पातळ थराने किडीच्या अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती तेथेच मरतात, हे स्पष्टीकरण कीटकशास्त्राने पुढे दिले. पण अख्खी तूर टिकवण्यापेक्षा तिची डाळ करून तेल लावून ठेवलेली अधिक टिकते, हे आमच्या आजीपणजीला त्याआधीच माहीत होते, कारण भुंगेरा अंडी घालतो ती सालीसकटच्या दाण्यावर. येथे एक गोष्ट कळकळीने सांगितली पाहिजे. धान्यात ठेवण्यासाठी म्हणून खेड्यापाड्यांत ज्या विषारी धुरीच्या गोळ्या सर्रास मिळतात, त्या राहत्या घरात कधीही आणू नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत निजलेली माणसे दगावू शकतात. पाच-पंचवीस किलो धान्य वाचवण्यासाठी पत्करावा असा तो धोका नव्हे.

आणि मग उन्हाळ्याची कामे. उडदाचे पापड, कुरडया, शेवया, सांडगे हे महाराष्ट्रभर होतात. बिबडे मात्र खास खानदेशातले. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून, आंबवून, वाळवून तिचा रवा काढायचा. पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, जिरे, लसूण, मिरची घालून तो शिजवायचा. आणि ऊन तापण्याच्या आत खाटेवर ओले कापड पसरून त्यावर पाण्याच्या हाताने पातळ पातळ थापायचा. पातेल्यात उरलेला तो गरम घाटा तेल घालून खाण्यासाठी पोरे झोपेतून आपणहून उठतात. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, अशी गल्लीतल्या बायांची पाळी ठरलेली असते. मजुरी कोणी देत नाही, घेत नाही, आणि एकीच्या घरी हात लावला की दुसरीच्या घरी तो परत मिळतोच. पावसाळ्यात भाजी महाग झाली, पाहुणा अवचित आला, शेतातून यायला उशीर झाला, तर हा डबा घराची अब्रू राखतो.

येथपर्यंत मी जे लिहिले त्यात जुन्याचे गुणगान पुष्कळ झाले, आणि ते मी मनापासून केले आहे. तथापि त्याला एक मर्यादा घालणे अगत्याचे आहे. पऱ्हाट्यांचे जळण फुकट, हे खरे. पण रोज दोन वेळा त्या धुरात बसणारीच्या डोळ्यांचे व फुप्फुसांचे मोल त्या हिशेबात कोणी धरले होते काय? हिवाळ्यात शेताच्या बांधावर, मोकळ्या हवेत भरिताची वांगी भाजणे निराळे, आणि कोंदट स्वयंपाकघरात जन्मभर फुंकणी मारणे निराळे. १ मे २०१६ पासून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी अनेक घरांत पोहोचवली. परंतु नळकांडे संपल्यावर नवे आणायला पैसा नसतो म्हणून, किंवा पैसा वाचतो म्हणून, पुन्हा चूल पेटवली जाते. त्याला मी काटकसर म्हणणार नाही. घरातल्या एका माणसाचे आयुष्य खर्ची घालून केलेली बचत ही जमेच्या बाजूला मांडताच येत नाही. बिबड्यांचेही तेच. जिला शेतमजुरी करून किंवा नोकरी करून घर चालवायचे आहे तिने पहाटे तीनला उठून पातेले चढवावे, असा आग्रह धरणे निर्दयपणाचे आहे. गावातील बचत गटाकडून ते विकत घ्यावेत, म्हणजे तिची पहाटही वाचेल आणि दुसऱ्या चार बायांच्या हाती पैसाही जाईल.

म्हणून जुन्या कारभारातले तत्त्व घ्यावे, कष्ट टाकावेत. चुलीला जो वैल असे त्याचे तत्त्व काय होते? पुढच्या तोंडावर भाकरी होत असताना वाया जाणाऱ्या आचेवर मागे डाळ शिजे, आणि भाकऱ्या संपल्यावर निखाऱ्यावर दूध तापत राही. तेच गॅसवर करता येते. तूरडाळ अर्धा-पाऊण तास भिजवून मग लावली तर लवकर शिजते. कुकरात एकावर एक डबे ठेवून भात, डाळ व बटाटे एकाच आचेवर निघतात. शिट्टी झाल्यावर मोठी आच ठेवण्यात काहीच हशील नाही, कारण आतील उष्णतामान तेवढेच राहते आणि जादा वायू केवळ वाफ बाहेर घालवण्यात खर्च होतो. आणि कडधान्य गॅस बंद करून झाकून ठेवले तरी उरलेले आपल्याच वाफेवर शिजते. १४.२ किलोचे नळकांडे यामुळे काही दिवस अधिक पुरते, आणि कुणाला अधिक राबावेही लागत नाही.

विजेचा प्रश्न खानदेशात उन्हाळ्याने बिकट केला आहे. पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा पंखा बंद ठेवा, असा उपदेश करणे म्हणजे माणुसकीला सोडून बोलणे होय. परंतु साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो, नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तितकाच वारा देतो. दिवसाचे १८ तास धरले तर महिन्याकाठी पहिल्याला सुमारे ४० युनिटे लागतात आणि दुसऱ्याला १६. हा २४ युनिटांचा फरक बिलात दिसतो त्याहून मोठा आहे, कारण महावितरणच्या घरगुती आकारणीत पहिल्या १०० युनिटांपुढे १०१ ते ३०० च्या टप्प्याला लागताच दर जवळपास दुप्पट होतो. तेव्हा वाचलेले युनिट हे नेहमी महागातलेच युनिट असते. घरात तीन पंखे असतील तर एकदम तिन्ही बदलण्याचे कारण नाही. जो रात्रंदिवस फिरतो तो आधी बदलावा. आणखी एक. धाब्याच्या जुन्या घरांत मातीचा जाड थर ऊन वर अडवून धरीत असे. स्लॅबच्या घरांत तेच ऊन रात्री दहापर्यंत खाली उतरत राहते. होळीच्या आसपास गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर त्या उन्हाचा मोठा भाग परत फेकला जातो, आणि हे काम घरातल्या पुरुषाने व मुलांनी एका सुटीच्या दिवसात करण्याजोगे आहे.

पुरुषांचा उल्लेख मी मुद्दाम केला. काटकसरीचा उपदेश आपल्याकडे नेहमी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन थांबतो. ओसरीवर तो फिरकतच नाही. तेलाची धार कमी कर, असे सुनेला सांगणाऱ्या घरात टपरीवरचा चहा, तंबाखूची पुडी, गावातल्या गावात फिरवलेली मोटारसायकल आणि हप्त्याने घेतलेला भारी मोबाइल यांचा रोजमेळ कोणी मांडीत नाही. दिवसाला चाळीस रुपये धरले तरी वर्षाचे १४,६०० होतात. एवढी रक्कम तेलाच्या धारेतून काढायची म्हटली तर घराने वर्षभर उकडलेलेच खावे लागेल. आणि लग्नात एका सांजेला जे उधळले जाते त्यापुढे तर गृहिणीची साऱ्या वर्षाची शिल्लक नगण्य ठरते. १९७२ च्या दुष्काळात व महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी करून लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढले, तेव्हा त्या बायकांनी सरकारला हिशेब विचारला होता. तोच हिशेब घरात विचारण्याचा अधिकार त्यांना असावयास नको काय? भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे का होईना, घरातील प्रत्येकाचा खर्च एकाच ठिकाणी, त्याच्या त्याच्या हाताने लिहिला जावा. निम्मी काटकसर त्या लिहिण्यातच होऊन जाते.

आता वाचलेला पैसा ठेवायचा कोठे? आमच्या जिल्ह्याला या बाबतीत फार कडू अनुभव आला आहे. जळगाव ही सोन्याची पेठ. तेव्हा बरेच लोक सोने घेतात, आणि अडीअडचणीला ते तारण ठेवता येते हे खरे. पण दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, हे घेताना ध्यानात राहत नाही. दुसरी वाट पतसंस्थांची. जादा व्याजाच्या आशेने तेथे ठेवलेल्या ठेवी अनेक संस्थांत अडकून पडल्या, आणि आयुष्याची पुंजी गेलेले वृद्ध, विधवा, निवृत्त शिक्षक वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकेतील ठेवीलाही आहे; पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. हा एवढा फरक ठेवीदाराला पावती फाडण्याआधी मोठ्या अक्षरांत सांगितला गेला असता, तर कित्येक घरे वाचली असती. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून चालू आहे आणि तिच्यामागे सरकारची हमी आहे. व्याज थोडे कमी असेल, पण ज्या पैशासाठी कोणीतरी तीनशे पासष्ट दिवस मन मारले आहे तो पैसा जुगारावर लावण्याचा नव्हे. बायांच्या बचत गटांनाही मी याच पंक्तीत बसवीन. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि १९९२ पासून नाबार्डने चालवलेली गटांना बँकांशी जोडण्याची योजना यांनी सावकाराच्या दारी जाणारी पुष्कळ पावले वळवली. भिशीत जे तोंडी चाले ते येथे वहीत रुजू होते.

परंतु खाते कोणाचे, हा प्रश्न राहतोच. डब्याच्या तळाशी ठेवलेल्या नोटा घरधन्याच्या निकडीच्या वेळी बाहेर येतात, आणि त्यांतून बी-बियाणे, औषध, मुलाची फी किंवा घराचा पत्रा घेतला जातो. दस्तऐवजावर नाव मात्र त्याचे लागते. खानदेशाला लागून असलेल्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे जे महिला अधिवेशन झाले, त्याला लाखोंनी शेतकरी स्त्रिया लोटल्या होत्या. त्यानंतर काही वर्षांतच संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेऊन, पत्नीचे नाव आपणहून जमिनीवर लावा असे शेतकऱ्यांना आवाहन केले आणि गावोगावच्या अनेकांनी ते लावलेही. जमिनीच्या बाबतीत जे पटले ते शिलकीच्या बाबतीत पटायला हरकत नसावी. शासनाच्या लाडकी बहीण योजनेने २०२४ पासून महिना दीड हजार रुपये स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यात जाऊ लागले, त्यामुळे निदान खाते आता घरोघर आहे. पण सरकारने दिलेले तिचे, आणि तिने राबून वाचवलेले मात्र घराचे, ही वाटणी न्यायाची नाही.

यासाठी मला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि निघताना बाप लेकीला साडीचोळी करतो. यंदाच्या आखाजीला त्या साडीबरोबर लेकीच्या नावाचे पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पुस्तकही द्यावे. महिन्याला किमान शंभर रुपयांपासून ते उघडता येते, मुदत पाच वर्षांची असते. पहिला हप्ता माहेरने भरावा, आणि पुढचे हप्ते सासरने तिने वाचवलेल्या गॅसच्या, विजेच्या व धान्याच्या पैशांतून, घरखर्चाच्या वहीत तशी नोंद करून, दरमहा भरावेत. जावयाला हे आधी सांगावे, त्याच्या आईसमोर सांगावे. लेकीला दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर तिच्या नावे सुकन्या समृद्धीचे खाते निराळे काढता येते, ते वर्षाला २५० रुपयांतही चालू राहते. पैसे काढण्याच्या कागदावर सही तिची असावी; सही येत नसेल तर अंगठाही चालतो, आणि तो कशासाठी उमटवला जातो आहे हे तिला वाचून दाखवण्याचे काम गावातल्या शिकलेल्या मुलींनी आपल्याकडे घ्यावे.